मामाजी, महासत्तांना भीती कशाची?

प्रिय मामाजी,

साष्टांग नमस्कार. आज दुपारी तुमच्या हातमागाचा खड्डा बुजवला. उद्या त्यावर फरशी बसेल. हे तुम्हाला मीच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

ह्यांनी स्वतः घमेल्यानं मुरूम टाकला, मजूर लावला नाही. पहिलं घमेलं उचललं, थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमन, तू आत जा." मी आत गेले आणि मुरूम पडल्याचा आवाज ऐकत राहिले. बराच वेळ आवाज आलाच नाही. मग पुन्हा सुरू झाला. तुमचा मुलगा मोठ्यानं रडत नाही, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

रागावू नका. सासूबाईंनीच बुजवायला सांगितलं. अंधूक उजेडात त्यांचा पाय दोनदा घसरला. तुम्ही असतात तर तुम्हीच म्हणाला असतात, बुजवून टाका म्हणून. म्हणाला असतात ना?

बोलले असते तर आपल्या नागपुरीतच बोलले असते. पण हातात पेन आलं की माझी भाषा शाळेत जाऊन बसते. "पेन धरलं का तू मास्तरीन होते वं," असं तुम्ही चिडवायचात. चिडवा. ऐकायला किती आवडलं असतं आज!

मी या घरात आले ती कॉलेज अर्धं सोडून. उमरेडच्या विणकराची मुलगी नागपूरच्या विणकराच्या घरात, त्यात नवीन ते काय? सुताच्या कांड्या भरणं मला येत होतं, धाग्याला खळ लावणं येत होतं. लग्नाच्या चौथ्या दिवशी मी कांड्या भरायला चरख्याजवळ बसले, तर तुम्ही खड्ड्यात पाय सोडून माग चालवता चालवता म्हणालात, "सूनबाई, तुले वाचता येते न? मंग ते ठेव बाजूले अन् पेपर वाच."

कोपऱ्यावरच्या पुंडलिकरावांच्या किराणा दुकानातून तुम्ही कालचा पेपर मागून आणायचात. तुम्हाला एक अक्षर येत नव्हतं. इतकी वर्षं तो पेपर कोण वाचून दाखवायचं? कोणीच नाही! तुम्ही फोटो बघायचात आणि परत करायचात.

सासूबाई आतून म्हणाल्या, "लुगडं विनाव का पेपर आयकावा?"

"हात लुगडं विनते, कान पेपर आयकते," तुम्ही म्हणालात. "वाच वं बाई. जोरानं वाच. मागाच्या आवाजात आयकू आलं पाहिजे."

मामाजी, वर्गात आजही माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, तो त्या मागामुळे.

त्याच वर्षी बांगलादेशची लढाई झाली. एका सकाळी मी वाचलं की एका महासत्तेची जहाजं आपल्या समुद्राकडे निघाली आहेत, आणि दुसऱ्या महासत्तेची जहाजं त्यांच्या मागे. खटखट थांबली. चालता माग तुम्ही मध्येच थांबवलात, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"महासत्ता म्हंजे काय वं?"

मी कॉलेजात ऐकलं होतं तसं सांगितलं. ज्या देशाजवळ इतकी फौज, इतके बॉम्ब आणि इतकी संपत्ती असते की बाकीच्या देशांना काहीही ठरवण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, तो देश.

"किती हायेत अश्या?"

"दोन."

"दोनच? मंग त्या तं दिवसभर एकमेकीलेच पाहत बसत असतील!"

मला हसू आलं. तुम्ही मात्र विचारात पडलात. मग रेशनच्या दुकानातला अमेरिकेचा लाल गहू तुम्हाला आठवला आणि त्यासोबत मिळणारी मिलो ज्वारी. आतून सासूबाई म्हणाल्या, "त्या मिलोच्या भाकरीनं माह्ये दात हालले." मी सांगितलं की शाळेत आमच्या वह्यांना दुसऱ्या महासत्तेच्या रंगीत मासिकांची कव्हरं असायची, गुळगुळीत कागद, त्यावर ट्रॅक्टर आणि हसणाऱ्या बाया.

"म्हंजे एकीनं पोट भरलं अन् एकीनं चोपड्याले कव्हर देल्लं," तुम्ही म्हणालात. "अन् आता दोघी आपल्या समुद्रात काहून आल्या?"

मी पुढची बातमी वाचायला घेतली.

लढाई संपली, मीनू झाली, चालायला लागली, शाळेत जाऊ लागली. पेपर चालूच राहिला. दुपारच्या जेवणाआधीचा एक तास आपला असायचा. घरात मी सून होते, स्वयंपाकघरात सासूबाईंचा उजवा हात होते, पण त्या एका तासात मी कोणीतरी होते, मामाजी. ज्याला विचारावं असं कोणीतरी. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नाही, तुम्ही समोर होता ना!

मग हे पॉवरलूमवर गेले.

जेवताना बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाबा, सोमवारपासून मी कामठीले जाऊन राहिलो. पावरवर."

"कायच्या पावरवर?"

"पावरलूमवर. शेडमंदी."

"हाताले काय झालं तुह्या?"

"हाताले काही नाही झालं बाबा. हाताचे दिवस गेले."

तुम्ही ताट पुढे सरकवलंत. "जा मंग. पन त्या पावरचं नाव या घरात घेजो नोको."

"नाही घेत. बोलतच नाही तं नाव कुठून निंघन?"

आणि खरंच बोलणं थांबलं. एका घरात, एका छपराखाली, दीड वर्ष! तुम्ही इकडे मागावर, ते तिकडे खाटेवर, मध्ये जेमतेम चार हात अंतर. तुम्ही म्हणायचात, "सूनबाई, त्याले सांग, छपरावरचे कवेलू सरकले." ते म्हणायचे, "बाबाले सांग, दिसले मले." मी दोघांच्या मध्ये उभी. सांगायचं काय? दोघांनीही ऐकलेलंच असायचं.

एकदा पेपरात अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेची बातमी होती. अलिप्त म्हणजे काय, ते मी समजावलं. कोणत्याच महासत्तेच्या बाजूनं नाही, दोघींशी बोलतात, दोघींचं ऐकतात.

तुम्ही टाळी वाजवलीत. "म्हंजे तू! या घरात मी एक महासत्ता, मन्या एक महासत्ता, अन् मंधात तू अलिप्त!"

"अन् मी कोन?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"तू तं सगळ्याइच्या वरची!"

आपण तिघंही हसलो. पण खरं सांगू? त्या दिवशी भाकरी थापताना मला रडू आलं. मध्ये उभ्या राहणाऱ्याचे पाय दुखतात, मामाजी. तुम्हा दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. एवढी एक तक्रार आहे माझी तुमच्यावर. आज करून टाकते.

मीनू वाचायला लागली तशी हे सुटीच्या दिवशी सदर बाजारात गेले की फुटपाथवरून तिच्यासाठी जुनी हिंदी कॉमिकं आणायला लागले. त्यातल्या एकात तोंडावर मुखवटा घातलेला, उडणारा एक माणूस होता. मीनू ते घेऊन तुमच्याजवळ आली. "आबाजी, याच्याजवळ ना, सुपरपावर आहे!"

"याच्याजवळ बी पावर? हा बी कामठीले जाते का?"

तिला कळलं नाही. मी तोंडाला पदर लावून हसले. मग तुम्ही मला विचारलंत की सुपरपावर म्हणजे काय. मी म्हटलं, इंग्रजीत महासत्तेलाही हाच शब्द आहे. तुमचे हात थांबले. "एकाच शबुदात ते देश बी अन् हा उडता बुवा बी? वा!"

त्या दिवसापासून पेपर संपला की मीनूचं कॉमिक. मोठा बोलपट चालायचा तुमचा!

"हा काय काय करते?"

"रेल्वेचा पूल उचलतो. आगीतून जातो. त्याला गोळी लागत नाही."

"मंग तोंड काहून झाकते? चांगलं काम करनाऱ्यानं तोंड काहून झाकाव?"

"दुश्मनांना कळलं तर ते त्याच्या घरी जातील ना, आबाजी! घरी त्याची आई आहे."

तुम्ही हातातला सुताचा धोटा खाली ठेवलात. मग म्हणालात, "म्हंजे पूल उचलते, गोळीले भेत नाही, अन् मायसाठी भेते. बराबर हाये." आणि माग सुरू केलात.

आता जे लिहायचं आहे ते जड आहे. इतकी वर्षं ते मी बाजूला सारत आले.

त्या हिवाळ्यात तुमच्या लुगड्याच्या काठात चुका यायला लागल्या. आधी एखादा धागा, मग नक्षीची अख्खी रांगच सरकायला लागली. तुम्ही सुताला नाक लावून विणायचात. मला दिसत होतं. तुम्ही दर वेळी विचारायचात, "काठ बराबर आला न वं?" आणि मी म्हणायची, "हो मामाजी, बराबर."

का म्हटलं मी असं? तुम्ही आंघोळीला गेलात की मी एखादा चुकला धागा हलक्या हातानं सरळ करायची, पण विणलेलं कुठं सरळ होतं? मला भीती वाटायची. नाही म्हटलं तर माग थांबेल. माग थांबला तर तुम्ही दिवसभर करणार काय? मुलाशी बोलत नाही, वाचता येत नाही. मी तुमच्यावर दया केली, मामाजी. तुम्हाला दया आवडत नव्हती, हे माहीत असून केली.

विणकरांच्या सोसायटीनं तुमची तीनही लुगडी परत केली. लोकांसमोर उलगडून काठ दाखवला असेल, दुसरं काय! तुम्ही गठ्ठा काखेत धरून घरी आलात. सासूबाईंना सांगितलंत, "सूत खराब लागलं." मग त्या विहिरीवर गेल्यावर मला विचारलंत, अगदी हळू, "तुले दिसत होतं न वं?"

मी मान खाली घातली. पण तुम्हाला ती कुठं दिसणार होती? तुम्ही माझ्या उत्तराची वाट पाहत उभे राहिलात.

अकरा दिवस तुम्ही मला पेपर वाचायला बोलावलं नाहीत. मी मोजले. घरात दोघं एकमेकांशी बोलत नव्हतेच, आता माझ्याशीही तुमचं बोलणं फक्त पाण्या-चहापुरतं. अलिप्त राहून राहून मी कोणाचीच उरले नाही, असं वाटायचं. बाराव्या दिवशी मी ताटं घासत होते, तर हाक आली, "वाच वं. तिकडच्या दोघी काय करून राहिल्या, पाहू."

मी धावत आले. ओले हात पदराला पुसत पेपर उघडला. तुम्ही म्हणालात, "एक काम कर. मले दिसत नाही, हे मन्याले सांगजो नोको. त्याच्या मायले बी नोको."

मी हो म्हटलं. पुन्हा एकदा हो! मोतीबिंदूच तर होता. तेव्हाच ह्यांना सांगितलं असतं तर? पण अकरा दिवसांनी मिळालेली ती हाक मला पुन्हा गमवायची नव्हती.

त्याच वर्षी मी बाहेरून परीक्षेला बसले होते. तुमच्याच हट्टानं. "जे अर्धं सोडलं ते पूर्न कर," असं म्हणून तुम्ही फॉर्म भरायला लावलात. सासूबाई फुगल्या, तरी तुम्ही मागे हटला नाहीत. शेवटचा पेपर राज्यशास्त्राचा. प्रश्न बघून मी जागच्या जागी हसले. महासत्ता म्हणजे काय, ते स्पष्ट करा! मी चार पानं लिहिली. लिहिताना कानात खटखट चालू होती.

मी तिकडे लिहीत असताना पुंडलिकरावांच्या दुकानात कामठीहून फोन आला. शेडमध्ये चालत्या मागाचा धोटा उडाला, ह्यांच्या डोळ्याला लागला, दवाखान्यात नेलं आहे. पुंडलिकराव धावत घरी आले. म्हणाले, "सूनबाईले कॉलेजातून बोलावून आनतो."

तुम्ही त्यांचा हात धरलात. "नोको. तिचा पेपर होऊ द्या. मी जातो."

सासूबाई निघाल्या तर त्यांना म्हणालात, "पोट्टी शाळेतून येईन. घरी कोनी पाहिजे." त्यांनी तुमच्या खिशात कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून, आणि जाऊ दिलं. त्यांना काय ठाऊक तुम्हाला किती कमी दिसतं! ज्या एकटीला ठाऊक होतं ती पंख्याखाली बसून उत्तर लिहीत होती.

मी घरी आले, सासूबाईंनी सांगितलं, आणि मी उंबऱ्यातूनच परत धावले. ह्यांच्या डोळ्यासाठी आणि तुमच्यासाठीही. कामठीची बस पकडली. खिडकीतून रस्त्यावरचा प्रत्येक म्हातारा बघत गेले.

दवाखान्यात पोचले तर ह्यांच्या खाटेजवळ स्टुलावर तुम्ही बसलेले. एका पायात चप्पल. दुसरी बसमध्ये चढताना गेली, तुम्हाला सापडली नाही. एप्रिलच्या डांबरावर चालून त्या तळपायाला फोड आले होते. बसमध्ये तुम्हाला उतरायचं ठिकाण कळलं नाही, तुम्ही थेट कन्हानच्या पुलापर्यंत गेलात, आणि तिथून विचारत विचारत उलटं चालत आलात. एका भाजीवालीनं दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं म्हणे. हे सगळं तुम्ही नंतर मोठ्या गमतीनं सांगायचात. मला एकदाही हसू आलं नाही.

मी यायच्या आधी काय झालं, ते मला ह्यांनी सांगितलं. तुम्ही चाचपडत खाटेपर्यंत आलात. ह्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग पट्टीवर. दीड वर्षानंतर पहिल्यांदा बोललात.

"दिसते का बे तुले?"

"दिसते बाबा. डोळा वाचला, भुवईवर लागलं. तुम्ही एकटे कसे आले?"

"मले नाही दिसत," तुम्ही म्हणालात.

तेवढंच. मग ह्यांनी तुमचा हात धरला आणि मी येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "पेपरात काय लिवलं?" मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. सैन्य, शस्त्रं, संपत्ती, प्रभाव.

"बरं लिवलं. पन एवढी ताकद असून बी त्याइले भेव कायचं वाटते? ते लिवलं का?"

"ते पुस्तकात नव्हतं, मामाजी."

तळपायाला हळद लावत होते मी तुमच्या. तुम्ही वर कवेलूंकडे तोंड करून बोललात, "मन्या पावरवर गेला, तवा मले मागाचं काही वाटलं नाही वं. माग का, आज न उद्या थांबनारच होता. मले वाटलं, पोट्टं आता माह्याजवळ बसनार नाही. तो बोलनं सोडन, त्याच्या पहिले म्या सोडलं. भेव होतं ते, दुसरं काही नोयतं."

आणि मग, जरा थांबून, "त्या दोघीइचं बी असंच असन."

मामाजी, मला त्या पेपरात चांगले गुण मिळाले. पण उत्तर अर्धंच होतं. आता प्रताप नगरच्या शाळेत मी आठवीच्या मुलींना नागरिकशास्त्र शिकवते. महासत्तेचा धडा आला की पुस्तक मिटवते आणि तुमचा प्रश्न विचारते. भीती कशाची वाटत असेल? मुली आधी हसतात. मग एखादी म्हणते, दुसरा मोठा होईल याची. मागच्या आठवड्यात एक बारकीशी मुलगी म्हणाली, "एकटं पडायची." खडू शोधायच्या निमित्तानं मी फळ्याकडे तोंड केलं.

आणि ऐका! त्या दोघी आता बोलायला लागल्या आहेत. दोन्हीकडचे पुढारी भेटले, पेपरात फोटो आहे, हातात हात, दोघांच्या चेहऱ्यावर हसू. मी तो फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. सांगू कोणाला? ह्यांना दाखवला, ते म्हणाले, "बाबा असाले पाहिजे होते." तुम्ही विचारलं असतं, "पहिले कोन बोललं?" पेपरात ते कुठंच लिहिलेलं नाही.

ह्यांची पट्टी सुटल्यावर त्यांनीच तुम्हाला ऑपरेशनला नेलं. एका डोळ्यानं तुम्हाला बरंच दिसायला लागलं. घरी आल्यावर मला बघून म्हणालात, "तू तं लय वाळली वं!" तेव्हा मात्र मी खूप हसले, रडेपर्यंत.

आणि मग तुम्ही म्हणालात, "आता दिसते, तं वाचाले बी शिकव."

मी काय म्हटलं? "शिकवते मामाजी, निकाल लागू द्या." निकाल लागला. "बी.एड. होऊ द्या." ते झालं. "नोकरीत जरा रुळू द्या." तुम्ही दर वेळी म्हणायचात, "हो हो, तुह्या सवडीनं." तुम्ही मला दहा-बारा वर्षं रोज एक तास दिलात. मला तुमच्यासाठी एक तास सापडला नाही. पौषातल्या त्या सकाळी तुम्ही दारात उन्हाला बसलात आणि बसल्या जागीच गेलात. मी शाळेत होते. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवत होते.

तेराव्यानंतर मीनूनं तिची जुनी पाटी आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "आई, मी शिकवायची आबाजींना, तू शाळेत गेलीस की. तुला अचानक वाचून दाखवायचं होतं त्यांना. ञ पर्यंत आलं होतं."

क पासून ञ पर्यंत. दहा अक्षरं. त्या दहांत तुमचं नाव सदाशिव लिहिता येत नाही, तुमच्या मुलाचं मनोहरही लिहिता येत नाही.

मामाजी, माफी मागून काय होणार? तुम्ही "जाऊ दे वं" म्हणाल आणि मला अजून वाईट वाटेल. म्हणून माफी मागत नाही. एक वचन देते.

मघाशी हे पत्र लिहायच्या आधी मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. म्हटलं, रोज संध्याकाळी एक तास, तुम्हाला लिहायला-वाचायला शिकवते. गल्लीतल्या बायकांना यायचं असेल तर त्याही येतील. त्या म्हणाल्या, "मले आता म्हातारपनी काय करा लागते अक्षरं?" थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "किती वाजता बसाचं?"

उद्या पाच वाजता बसणार आहोत. निकाल, नोकरी, सवड, कशाकशासाठी थांबणार नाही, हे माझं तुम्हाला वचन. आणि क पासून सुरू करणार नाही. आधी त्यांना हव्या त्या नावापासून सुरू करेन. कोणाचं नाव लिहायचं, असं विचारलं तर सासूबाई लाजल्या आणि तुमच्या फोटोकडे बोट केलं. इतक्या वर्षांत त्यांनी तुमचं नाव एकदाही तोंडानं घेतलेलं नाही. मी म्हटलं, घेऊ नका, लिहायला काय हरकत आहे?

तुमची सून,
सुमन